आवळीखालचं राज्य

सिंगापूरला भाचीकडे पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "मला परमेश्वराचं थडगं बघायचंय." चहाचा कप तोंडाशी नेता नेता ती थांबली. "मामा, बाहेर कुणासमोर असं बोलू नकोस हं."

तिचं काही चुकलं नव्हतं. परमेश्वर हे एका माणसाचं नाव आणि मलय सुलतानांच्या यादीत तो माणूस सगळ्यांत वरती, हे पचायला मलाही थोडे दिवस लागले होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रातल्या पालेंबांगहून निघालेला राजपुत्र. सिंगापुरात काही वर्षं टिकला, तिथून पळाला आणि १४०० च्या सुमारास त्याने मलाक्का वसवलं. मलेशियातली शाळकरी मुलं १४०२ हे साल घोकतात. पुढची शंभर वर्षं आशियातला अर्धा मसाला ज्या बंदरातून गेला, ते हे बंदर. असल्या माणसाची समाधी कुठेतरी असेलच ना, एवढंच माझं म्हणणं होतं.

सिंगापुरात फोर्ट कॅनिंग नावाची टेकडी आहे, शहराच्या अगदी पोटात. जुनं नाव बुकित लारांगान, म्हणजे मनाईची टेकडी. १८१९ साली इंग्रज आले तेव्हा आसपासचे मलय लोक वर चढायला तयार नसत. वर जुन्या राजांचा वावर आहे म्हणत. आता तिथे सरकते जिने आहेत आणि सकाळी लोक धावायला येतात. उतारावर झाडीत लाकडी खांबांचा एक मंडप, त्याखाली एक कबर. नाव 'करामत इस्कंदर शाह'. आपल्याकडे करामत माणसं करतात, मलय भाषेत करामत म्हणजे पिराचं, सत्पुरुषाचं ठिकाण. कबरीवर पिवळं कापड होतं, पायाशी कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

हा इस्कंदर शाह म्हणजेच परमेश्वर, असं बरेच जण मानतात. काही अभ्यासक म्हणतात की नाही, इस्कंदर त्याचा मुलगा. आणि तो इथेच पुरला आहे असा पुरावा कुणाकडेच नाही. मलेशियात पोर्ट डिक्सनजवळच्या तांजुंग तुआन या भूशिरावरही त्याची जागा दाखवतात. भाची म्हणाली, "म्हणजे बघायला आलोय ती जागा रिकामीच आहे." पण टेकडी मात्र पोकळ नाही. १९२८ साली इथे पाण्याच्या टाकीसाठी खणताना सोन्याचे दागिने सापडले, चौदाव्या शतकातले, जावाच्या घडणीचे. त्यातल्या दंडातल्या वाकीवर चक्क कीर्तिमुख आहे. आपल्या देवळांच्या उंबरठ्यावर असतं, तसंच डोळे वटारलेलं.

सिंगापूर त्याने का सोडलं, याच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

पहिली मलय दरबाराची, 'सजारा मलायू' या बखरीतली. तिच्यात इस्कंदर शाह हा सिंगापूरच्या गादीचा पाचव्या पिढीतला हक्काचा राजा. कुळ थेट सिकंदराला नेऊन भिडवलेलं. (आपल्याकडची घराणी सूर्याला भिडतात, त्यापेक्षा हे जवळच म्हणायचं.) या राजाच्या कानावर आपल्या एका राणीबद्दल चहाडी येते. राणी म्हणजे त्याच्याच भांडारप्रमुखाची मुलगी. राजा चौकशी न करता तिला भर बाजारात सुळावर चढवतो. बाप गप्प बसतो आणि जावाच्या मजापहित राज्याला निरोप धाडतो: या, दार मी उघडतो. जावाचं आरमार येतं. कोठारात तांदूळ संपला असं सांगून भांडारप्रमुख शिबंदी उपाशी ठेवतो आणि पहाटे वेस उघडतो. राजा पळतो. फितूर झालेला तो बाप मात्र शापाने दगड होतो.

दुसरी गोष्ट तोमे पिरेश या पोर्तुगीज औषधवाल्याची. मलाक्का पोर्तुगीजांच्या हाती पडल्यावर वर्षभरातच तो तिथे नोकरीला आला आणि लोकांना विचारून विचारून सगळं टिपून ठेवलं. त्याच्या कहाणीत परमेश्वर हा पालेंबांगचा, जावाच्या राजाला न जुमानणारा. तिथून हाकलला गेला म्हणून सिंगापूरला आला. तिथल्या अधिपतीने त्याला आसरा दिला, आणि आठ दिवसांत याने त्यालाच मारून जागा बळकावली. मेलेला माणूस सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाच्या नात्यातला, त्यामुळे पाच वर्षांनी सयामची माणसं आली आणि याला पुन्हा पळ काढावा लागला.

मी वकील असतो तर दुसरी साक्ष मानली असती. दरबारी बखरकार आपल्या घराण्याच्या मूळपुरुषाला पाहुणचार करणाऱ्याचा खुनी म्हणून लिहील कशाला? पण पहिली गोष्टही मला टाकवत नाही. राजाचा दोष तिने लपवलेला नाही. याच बखरीत अगदी सुरुवातीला राजा आणि रयत यांच्यात एक करार होतो: रयतेने राजाशी 'दर्हाका' करायचा नाही आणि राजाने रयतेची अब्रू घ्यायची नाही. दर्हाका म्हणजे द्रोह, शब्द सरळ संस्कृतातून गेलेला. सुळावरच्या मुलीच्या गोष्टीत आधी करार मोडला तो राजाने. हे लिहिणारा माणूस दरबारात बसून लिहीत होता, हे विसरू नये.

मलाक्काची बस पकडताना आमची जरा फजिती झाली. सीमेवर सामान घेऊन उतरायचं, दोन्ही देशांचे शिक्के घ्यायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचं, असा रिवाज. आम्ही शिक्के घेऊन येईपर्यंत आमची बस निघून गेलेली. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने दया येऊन मागच्या सीटवर कोंबलं. पळून मलाक्काला जाण्याची इथली परंपरा जुनी आहे, अशी मी भाचीची समजूत काढली. तिला ती फारशी आवडली नाही.

वाटेत मुआर नदी लागते. परमेश्वरही सिंगापूरहून निघून आधी मुआरलाच थांबला होता. बखर सांगते, तिथे रात्री घोरपडी आल्या. माणसांनी मारून नदीत फेकल्या, दुसऱ्या रात्री आणखी आल्या, आणि इतक्या कुजल्या की त्या जागेचं नावच 'बियावाक बुसुक' पडलं, सडक्या घोरपडी. मग पुढे सरकून कोट बांधायला घेतला. दिवसा बांधलेलं रात्रीत कुजायचं. त्या जागेचं नाव 'कोता बुरुक', सडका कोट. आपल्याकडे यशवंती घोरपडीने गड जिंकून दिल्याची कथा सांगतात, इथे घोरपडींनी राजाला गावाबाहेर काढलं. मला हा भाग फार आवडतो. राज्यस्थापनेच्या गोष्टीत सहसा कुणी वास ठेवत नाही.

मलाक्का सेंट्रलवरून सतरा नंबरची बस घेऊन जुन्या गावात उतरलो. लाल रंगाचं डच चर्च, लाल रंगाची कचेरी, फुलांनी मढवलेल्या आणि कर्कश गाणी लावलेल्या सायकलरिक्षा. या चौकात मी पाच मिनिटंसुद्धा थांबलो नाही. मला झाड बघायचं होतं.

गोष्ट अशी. मुआरहून पुढे निघालेला राजा एका नदीच्या मुखाशी शिकारीला उतरला आणि झाडाला टेकून बसला. त्याच्या कुत्र्यांनी एक पांढरं पिसोरी हरीण उठवलं. पिसोरी म्हणजे हरणातलं सगळ्यांत चिमुकलं, सशापेक्षा थोडंसं मोठं. ते पळालं नाही. वळून त्याने कुत्र्याला अशी लाथ घातली की कुत्रा पाण्यात. राजा म्हणाला, जिथलं हरीणसुद्धा इतकं जिगरबाज, ती जागा चांगली. या झाडाचं नाव काय? लोक म्हणाले, मलाका. मग गावाचं नाव तेच.

नदीकाठी ते झाड दिसलं तेव्हा खालची पाटी वाचायची गरजच पडली नाही. चिंचेसारखी बारीक पानं, पिसासारख्या डहाळ्या, करडं खोड. आवळा! आपला आवळा. संस्कृतात आमलक, आणि त्यातला पहिला 'आ' गळून उरलं ते मलाका. मी शेजारी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला झाड दाखवून म्हटलं, "आमलक." तो म्हणाला, "मलाका." मी पुन्हा "आमलक." तो पुन्हा "मलाका." दोघांनाही समोरचा चुकीचं बोलतोय याची खात्री होती. मला आईचं कार्तिकातलं आवळीभोजन आठवलं. दाभोळला आजोळी परसातल्या आवळीखाली पानं मांडायचे. आम्ही तिच्याखाली जेवलो आणि उठलो, या गृहस्थाने तिच्याखाली राजधानी मांडली.

लाथ मारणाऱ्या हरणाची गोष्ट मात्र मलाक्काची एकट्याची नाही. विजयनगरच्या जागेवर सशाने शिकारी कुत्र्यांवर चाल केली असं सांगतात. अहमदाबादेत तर 'जब कुत्ते पे सस्सा आया, तब बादशाह ने शहर बसाया' हे पोरासोरांना पाठ. अहमदाबाद वसलं १४११ साली. मलाक्काच्या बंदरात सगळ्यांत बलाढ्य व्यापारी कोण, तर गुजराती. आता ही गोष्ट गलबतातून कुणी कुणाकडे नेली, की दोघांनी आपापली रचली, हा विचार करत मी बराच वेळ त्या झाडाखाली बसलो. भाची तोवर चेंदोल खाऊन आली. नारळाचं दूध, हिरव्या शेवया, बर्फ आणि वरून माडाच्या गुळाचा पाक. इथे त्या गुळाला गावाचंच नाव आहे, गुला मलाका.

खरी गंमत हरणानंतर सुरू होते. या जागेत राज्य करण्यासारखं होतं काय? चेंग ह या चिनी आरमारप्रमुखाबरोबर मा हुआन नावाचा दुभाषी इथे आला होता. त्याने लिहून ठेवलंय की जमीन नापीक, भात थोडा, लोक मासे धरतात आणि साबुदाण्यासारख्या झाडाच्या पिठावर राहतात. वाघ गावात शिरतात, म्हणे माणसाचं रूप घेऊन. म्हणजे धान्य नाही, सैन्य नाही, आणि राजा दोन ठिकाणांहून हाकललेला.

त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ओरांग लाउत, समुद्रावरची माणसं. होडीतच जन्मणारी, होडीतच मरणारी, सामुद्रधुनीतला प्रत्येक खडक ठाऊक असलेली. अशी माणसं चाचेही असतात आणि पहारेकरीही, पगार कोण देतो त्यावर ठरतं. परमेश्वराने त्यांच्या म्होरक्यांना सरदारकी दिली, त्यांच्या मुली दरबारात नांदू लागल्या, आणि ती माणसं जहाजं लुटायची सोडून मलाक्काच्या बंदरात आणून सोडायला लागली.

दुसरी गोष्ट वारा. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पश्चिमेकडची गलबतं नैऋत्येच्या वाऱ्यावर येणार, चिनी जहाजं ईशान्येच्या वाऱ्यावर. दोन्ही वारे एका वेळी वाहत नाहीत. मग एकाने माल आणून ठेवायचा, दुसऱ्याने नंतर येऊन उचलायचा आणि परतीचा वारा सुटेपर्यंत दोघांनीही कुठेतरी राहायचं. त्या 'कुठेतरी'ला पक्की वखार, चौकी-पहारा आणि ठरलेली जकात लागते. मलाक्का म्हणजे तेवढंच. मा हुआन सांगतो, राजाने नदीवर लाकडी पूल बांधला होता आणि पुलावरच वीसेक मंडप उभे केले होते. सगळा बाजार त्या पुलावर. आज त्याच अंगाला एक छोटा पूल आहे. त्यावर उभं राहून मी खालच्या गढूळ पाण्यात डोकावलो. पाण्यात एक लठ्ठ घोरपड निवांत पोहत होती. वंशज असावी.

बाहेरच्या शत्रूचं काय? उत्तरेला सयाम, दक्षिणेला जावा, दोघेही याच्यावर डूख धरून. सयामला मलाक्का दरवर्षी ४० लियांग सोनं खंडणी भरत असे, आपल्या हिशोबाने साधारण सव्वाशे तोळे. १४०३ साली चीनच्या युंगल बादशहाचा दूत येऊन पोचला आणि या राजाने ओळखलं की हा साहेब मोठा आहे आणि लांब आहे. खंडणी घेणारा मालक लांब असलेला बरा. १४०५ मध्ये त्याचे वकील चीनला पोचले आणि मलाक्काच्या डोंगरासाठी बादशहाकडून शिलालेख घेऊन आले. १४०९ मध्ये चेंग ह रुप्याची मुद्रा आणि राजवस्त्रं घेऊन आला. १४११ मध्ये परमेश्वर स्वतः नानजिंगला गेला, बायको, मुलगा आणि ५४० माणसं घेऊन. अहमदाबाद वसत होतं तेच वर्ष. नव्याने बसलेला राजा गादी सोडून समुद्रापार जातो, म्हणजे एकतर त्याला मागे कटाची भीती नव्हती, किंवा पुढून मिळणारा शिक्का कटापेक्षा मोलाचा होता. मला दुसरं खरं वाटतं. १४१४ साली त्याचा मुलगा चीनला वर्दी द्यायला गेला: वडील वारले.

एवढीच कारकीर्द. लढाई एकही सांगण्यासारखी नाही. भाचीने विचारलं, "मग हा ग्रेट कशाने?" मी म्हटलं, दोनदा सगळं गमावल्यावर तिसऱ्यांदा त्याने राज्य धरलं ते कुळकायद्याने जाणार नाही असं. जमीनच नव्हती.

तो मुसलमान झाला का, यावरही वाद आहे. चिनी कागदांत बापाचं नाव 'परमेश्वर' असं उच्चारावरून ओळखू येतं आणि मुलाचं 'मेगात इस्कंदर शाह'. या दोघांच्या मध्ये कुठेतरी बंदराने राजाला आपला धर्म दिला. बखरीत ते स्वप्नात होतं, आणि तेही पुढच्या एका राजाच्या: पैगंबर स्वप्नात येऊन कलमा शिकवतात, उद्या दुपारच्या नमाजाला जेद्दाहून जहाज येईल म्हणतात, आणि ते येतं. दरबारी पदव्या तरीही जुन्याच राहिल्या. प्रधान तो 'बेंदाहारा', म्हणजे आपला भांडारवाला. आरमाराचा मुख्य 'लक्सामाना', लक्ष्मण. जहाजाचा कप्तान 'नाखोदा', आमच्याकडचा नाखवा. बंदरावरचा अधिकारी 'शाहबंदर'. पुढे तर शाहबंदर चार झाले, कोणत्या दिशेचा व्यापारी त्यावरून वाटून दिलेले. पश्चिमेकडून आलेल्या मालावर शेकडा ६ जकात.

त्याच पिरेशने बंदरात दिसणाऱ्या लोकांची एक लांबलचक यादी दिली आहे. कैरो, मक्का, एडन, होर्मुझ, गुजराती, आणि मग ओळीने चौल, दाभोळ, गोवा, दख्खन. पुढे मलबार, बंगाल, पेगू, सयाम. बंदरात ८४ भाषा ऐकू येतात म्हणतो. ते 'दाभोळ' मी सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. आजोळच्या खाडीत आता जेटीवर फेरीबोट लागते आणि अंडा मशिदीशी शेळ्या बसतात. तिथला कुणीतरी इथे या पुलावर घासाघीस करत उभा होता. त्याला भाव कुठल्या भाषेत सांगितला असेल?

लाकडी राजवाड्याचं संग्रहालय आम्ही भराभर उरकलं. १९८० च्या दशकात बखरीतल्या वर्णनावरून नव्याने बांधलेला, खिळे न ठोकता. वर्णन परमेश्वराच्या नव्हे, त्याच्या पुढच्या पिढ्यांतल्या मन्सूर शाहाच्या वाड्याचं. आत मेणाचे व्यापारी मेणाच्या मालासमोर बसलेत. दाभोळचा कुणी नव्हता.

मागच्या टेकडीवर चढलो. वर बिनछपराचं सेंट पॉल चर्च. भिंतीला हात लावला आणि भाचीला हाक मारली. जांभा! आपल्या घरासारखाच, भोकंभोकं पडलेला, तांबडा. आत एक रिकामा खड्डा जाळीने झाकलेला आहे. १५५३ साली संत फ्रान्सिस झेवियरचं शव काही महिने इथे होतं, मग ते गोव्याला नेलं. गोव्यात ज्याच्यासाठी रांगा लागतात, त्याची इथली कबर ओस. या गावात रिकाम्या कबरींना तोटा नाही.

आणि टेकडीच्या पायथ्याशी माझ्या थडग्याचं उत्तर होतं. १५१० मध्ये गोवा घेतलेला आफोन्सो द आल्बुकेर्क पुढच्याच वर्षी मलाक्कावर आला, ऑगस्टात ते त्याने घेतलं आणि परमेश्वराच्या वंशातला शेवटचा सुलतान महमूद शाह पळाला. आल्बुकेर्कने लगेच किल्ला बांधायला घेतला. दगड घाईने हवा होता. मशिदी आणि राजांच्या कबरी जवळच होत्या. त्याच चिरडून किल्ल्याच्या भिंतीत गेल्या. पुढे १८०७ मध्ये इंग्रजांनी तो किल्लाही सुरुंग लावून उडवला. उरला तो एक दरवाजा, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात. मन्सूर शाहाच्या कबरीच्या दगडाचे काही तुकडे तेवढे नंतर मिळाले.

त्या दरवाजाचा एक एक चिरा मी बघत राहिलो. एका चिनी कुटुंबाने मला बाजूला व्हायची खूण केली, त्यांच्या फोटोत मी येत होतो.

संध्याकाळी सोनारआळीतल्या १७८१ च्या गणपतीला नमस्कार केला. शेजारी मशीद, पुढे चिनी देऊळ. मग पोर्तुगीज वस्तीत जेवायला गेलो. इथले क्रिस्तांग लोक, म्हणजे जुन्या पोर्तुगीजांचे वंशज, चर्चला 'ग्रेजा' म्हणतात, मलय लोक 'गेरेजा', आणि वसई-गोव्याकडे ती इगर्ज. ते पाण्यात कंबरभर उतरून जाळ्याने गेरागाऊ धरतात. भाचीने विचारलं, गेरागाऊ म्हणजे काय. तिथल्या बाईंनी बरणी उघडून दाखवली. जवळा. आमचा सुका जवळा, फक्त इथे मीठ घालून आंबवलेला. मी दोन बरण्या आणि बलाचानची, म्हणजे वाटून वाळवलेल्या जवळ्याची, एक वडी घेतली.

परतीच्या बसमध्ये सुरुवातीलाच त्यातली एक बरणी गळायला लागली. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून पाहिलं, नाक मुरडलं, मग हुंगून हसले आणि काहीतरी बोलले. मला एकच शब्द कळला, "सदाप". चविष्ट. मागे बसलेली पोरं मात्र मुआर येईपर्यंत नाक धरून होती.